औषधशोधाची कथा आणि तिचा अपुरा शेवट

शास्त्रज्ञांच्या चरित्रकथा मुलांच्या हातीं द्याव्या असें म्हणणारे पालक आज पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हेतु स्तुत्यच आहे. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही घनसावंगीस आप्तांकडे गेलों असतां तेथील मुलांपुढें अशीच एक कथा वाचण्याचा प्रसंग आला. विषय होता काळा आजार व त्यावरील औषध शोधून काढणारे सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी. कथा संपली, टाळ्या झाल्या, आणि आमच्या पुतणीनें विचारलें, "काका, तें औषध पहिल्यानें ज्यांना टोंचलें, त्यांचीं नांवें यांत कां नाहींत?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. विचारांतीं असें वाटलें कीं, हा दोष जितका आमच्या अज्ञानाचा, तितकाच त्या वाङ्मयप्रकाराचाहि आहे. म्हणून हा लेख.

या प्रकाराचा साचा मुख्यतः पॉल द क्रायफ या अमेरिकन ग्रंथकारानें घालून दिला. त्याचें 'मायक्रोब हंटर्स' हें पुस्तक १९२६ सालीं प्रसिद्ध झालें. ल्यूवेनहुकपासून आरंभ होऊन तें एर्लिखपाशीं संपतें. त्याचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. प्रयोगशाळेंतील खटाटोपांतहि नाट्य असतें, हें त्यानें सामान्य वाचकास पटवून दिलें. आमच्या विद्यार्थिदशेंत आम्हीं स्वतः तें अधाशीपणें वाचलें आहे. परंतु साचा तो साचाच. एक हट्टी व उपेक्षित पुरुष, अपुरीं साधनें, एकामागून एक अपयशें, आणि शेवटीं गूढ उकलण्याचा तो क्षण. त्यानंतर पडदा.

ब्रह्मचारींची हकीकत या साच्यांत सहज बसते, हेंच तिचें दुर्दैव होय. काळ्या आजारांत ताप महिनोन् महिने हटत नाहीं, प्लीहा वाढते, अंगावरचें मांस झडतें, आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. या रोगाचा जंतु १९०३ सालीं लीशमन व डोनोव्हन यांनीं स्वतंत्रपणें वर्णिला. कातडीवरील लीशमनरोगास अँटिमनी या धातूचा क्षार उपयोगी पडतो हें १९१२ मध्यें ब्राझीलमधील व्हियानानें दाखविलें. १९१५ मध्यें कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनीं तोच क्षार काळ्या आजाराच्या रोग्यांना शिरेंतून दिला. गुण येई, पण औषध विषारी आणि उपचार लांबलचक. ब्रह्मचारींनीं कॅम्बेल हॉस्पिटलांतील एका लहानशा खोलींत, गॅस व नळाचें पाणी नसतांना, कंदिलाच्या उजेडांत काम करून 'युरिया स्टिबामाइन' हें अधिक सुसह्य संयुग तयार केलें व १९२२ सालीं त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. बंगाल व आसाम या प्रांतांत त्यानें असंख्य प्राण वांचविले. १९३६ सालीं इंदुरास भरलेल्या सायन्स काँग्रेसचें अध्यक्षपद त्यांस मिळालें, तो मान सर्वथा योग्यच होता. कंदिलाची ती खोली कोणी कथाकार सोडणार नाहीं, आणि सोडूंहि नये. परंतु आम्हीं वाचलेल्या कथेंत व्हियानाचें नांव नव्हतें व रॉजर्स अर्ध्या ओळींत आटोपले होते. नायक एकटा दिसावा म्हणून त्याच्या आधीं चाललेलीं माणसें पुसून टाकणें हा या साच्याचा पहिला दोष होय.

दुसरा दोष शेवटाचा. कथा १९२२ पाशीं संपते. रोग संपला नाहीं. १९५० नंतर हिंवतापाविरुद्ध घरोघर डी.डी.टी. फवारलें गेलें, त्यांत या रोगाचा प्रसार करणाऱ्या वाळूमाश्याहि मेल्या आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली, आणि १९७० नंतरच्या दशकांत बिहारांत तो पुन्हां उसळला. अँटिमनीचेंच पुढील औषध, सोडियम स्टिबोग्लुकोनेट, वापरांत होतें. परंतु अपुऱ्या मात्रा व अर्ध्यावर सोडलेले उपचार यांमुळें जंतु त्यास दाद देईनासे झाले. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत बिहारांतील रोग्यांपैकीं शेंकडा पस्तीसच या औषधानें बरे झाले. ज्या धातूच्या बळावर कथेनें विजयाची गुढी उभारली, तोच धातु तेथें निकामी ठरला. ही घटना पहिल्या शोधाइतकीच नाट्यपूर्ण आहे; पण तिला नायक नसल्यानें ती कोणी सांगत नाहीं.

मराठी वाचकास तर या उत्तरार्धाविषयीं विशेष आस्था असावयास हवी. अँफोटेरिसिन नांवाचें औषध या जंतूवर प्रभावी, पण त्यानें हुडहुडी भरे व मूत्रपिंडास इजा पोंचे. तें स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म कोशांत गुंडाळून दिल्यास विषार कमी होतो. असें देशी औषध सिद्ध करण्याचें काम मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांचे सहकारी यांनीं, दिल्ली विद्यापीठांतील प्रा. बछावत यांच्या सहकार्यानें केलें. त्याची किती मात्रा काळ्या आजारास पुरते याचा अभ्यास १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २००२ मध्यें मिल्टेफोसिन हें पोटांत घेण्याचें औषध भारतांत मान्य झालें. परंतु तें गर्भास घातक, आणि दहा वर्षांत रोग उलटण्याचें प्रमाणहि वाढलेलें दिसलें. कोशांतील अँफोटेरिसिनची एकच मात्रा पुरेशी होते असें २०१० मध्यें डॉ. श्याम सुंदर व सहकारी यांनीं दाखविलें, आणि २०१४ पासून सरकारी मोहिमेनें ती स्वीकारली. शेंकडों मैल चालत येणाऱ्या मजुराला महिनाभराच्या उपचारांऐवजीं एका दिवसांत घरीं जातां यावें, यांत केवढें काव्य आहे! पण तें मात्रेच्या हिशेबांत दडलेलें आहे, आणि आमच्या कथाकारांस हिशेबाचा कंटाळा.

तिसरा दोष तोच, जो आमच्या पुतणीस दिसला. रोगी कथेंत येतो तो केवळ मरण्यासाठीं किंवा बरा होण्यासाठीं. १९४२ सालीं स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनीं वाळूमाशीच्या दंशानें हा रोग होतो हें सिद्ध केलें, तें पांच स्वयंसेवकांना त्या माश्या चावूं देऊन. पांचांनाहि रोगाची लागण झाली. संशोधकांचीं नांवें आम्ही येथें सहज लिहिलीं; त्या पांचांचीं लिहूं शकत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, नायक काढून घेतला तर मुलें वाचतील काय? आम्ही नायक काढा असें म्हणत नाहीं. रोग्यासहि जागा द्या, इतकेंच म्हणतों. त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. घनसावंगी तालुक्यांतीलच जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम. त्यांनीं दासबोधाच्या तिसऱ्या दशकांत आध्यात्मिक ताप सांगतांना व्याधींची जी लांब यादी दिली आहे, तींत वैद्य नायक नाहीं. भोगणारा देह आहे. तरीहि ती यादी आमच्या आज्या-पणज्या तन्मयतेनें ऐकत आल्या. दुःखाचें नेमकें नांव घेणें हेंहि वाङ्मयाचें मोठें काम आहे.

हा वाद केवळ रुचीचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. काळा आजार बरा झाल्यावरहि कित्येकांच्या कातडीवर महिन्यांनीं, क्वचित् वर्षांनीं, फिकट डाग उठतात. हा विकार १९२२ मध्यें ब्रह्मचारींनींच वर्णिला. तो महारोग समजला जाऊं शकतो. आणि असा रोगी वाळूमाशीमार्फत गांवांत पुन्हां रोग पसरवूं शकतो. बिहारचा मजूर आज आपल्या शहरांत व साखर कारखान्यांवर कामास येतो. त्याचा न हटणारा ताप किंवा त्याच्या अंगावरचे डाग पाहून, "तो रोग तर शंभर वर्षांमागेंच जिंकला" असें आपल्यापैकीं कोणी सुशिक्षितानें म्हटलें, तर त्या चुकीचा कांहीं वांटा अपुऱ्या शेवटाच्या गोष्टी लिहिणारांकडेहि जाईल. घनसावंगीची ती मुलें उद्यां डॉक्टर होतील, शिक्षक होतील. त्यांच्यासाठीं कोणा मराठी लेखकानें ही कथा १९२२ च्या पुढें लिहून पुरी करावी. पुतणीच्या प्रश्नास आम्ही देऊं शकतों तें उत्तर सध्यां एवढेंच आहे.