विद्युत्-उद्दीपन आणि स्वनबोध : एका प्रयोगपद्धतीची मीमांसा

मस्तकावरून सौम्य विद्युत्प्रवाह सोडला असता मेंदूच्या बाह्यकाची उत्तेजनक्षमता बदलते, हे नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखविले. हा प्रवाह अवघा एक-दोन मिलिअँपिअर असतो आणि त्यातील बराचसा त्वचा व कवटी यांतच विरतो. तरीही स्वनबोधाच्या अभ्यासकांस या साधनाचा मोह पडला, तो अस्थानी नव्हे. मेंदूचे आलेख साहचर्य दाखवितात. उद्दीपनाने कार्यकारणभावाचा शोध घेता येतो.

रूफेनर व सहकारी यांचा २०१६ मधील प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. श्रवणकेंद्रावर सेकंदास ४० आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह दिला असता घोष व अघोष स्फोटक ओळखण्यातील अचूकता तरुण श्रोत्यांत घटली, वृद्धांत वाढली. ६ आवर्तनांच्या प्रवाहाने तसे घडले नाही. उद्दीपन म्हणजे सुधारणा, ही भाबडी समजूत येथेच गळून पडते. परंतु बदलले ते ऐकणे, की ऐकल्यानंतरचा निवाडा? दोहोंपैकी एक पर्याय निवडावयाचा असल्यामुळे याचा उलगडा होत नाही.

४० आवर्तनांमागे एक गृहीत आहे. एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचे. स्फोट व घोषारंभ यांमधील सूक्ष्म कालांतर टिपण्यास मेंदू तेवढाच कालखंड वापरतो, असे मानले जाते. मात्र एवढ्या आधारावर निष्कर्षाला सरसकट ‘वाग्बोध’ म्हणणे म्हणजे अतिव्याप्ती होय. लिस्कर आणि अब्रामसन यांनी १९६४ साली ज्या अकरा भाषांत हे कालांतर मोजले, त्यांत मराठीही होती. द, त आणि थ यांची वर्गवारी या मापाने लागते. द आणि ध यांची लागत नाही. दोहोंतही घोष स्फोटापूर्वीच सुरू होतो, आणि ‘ध’चे वेगळेपण स्फोटानंतरच्या श्वासमिश्रित घोषात असते. स्वनिमभेद एकाच मापपट्टीवर मांडता येतो, ही कल्पना मराठी श्रोत्यापुढे टिकत नाही.

हीच अडचण कसोटी म्हणून उपयोगी पडेल. एकाच मराठी श्रोत्यास तेच उद्दीपन देऊन त–द आणि द–ध या दोन्ही जोड्या ऐकवाव्यात. केवळ पहिलीची सीमा ढळली, तर कालमापनाचे गृहीत बळावेल. दोन्ही सारख्याच ढळल्या, तर निवाड्याविषयीची शंका अधिक गडद होईल. अर्थात श्वासमिश्रित घोषालाही कालावधी असतोच. म्हणून द–ध मालिका सिद्ध करताना तो स्थिर ठेवून घोषाचा पोत तेवढा पायरीपायरीने बदलावा लागेल.