असईची लढाई घरच्या टेबलावर : एका प्रसंगरचनेची चिकित्सा

प्रस्तावना :
ऐतिहासिक लढाया लघुसैनिकांच्या साहाय्याने टेबलावर खेळण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. रायस्विट्झ याने १८२४ मध्ये प्रशियन सैन्यासाठी नकाशावरील युद्धखेळ सिद्ध केला, एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकाने खेळण्यातील सैनिकांना नियमबद्ध लढाई दिली. आपल्याकडील दिवाळीचा मातीचा किल्ला या परंपरेचा शेजारी होय; मात्र किल्ला हा देखावा असतो, तर युद्धखेळात निर्णय घ्यावा लागतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजीची असईची (जि. जालना) लढाई या छंदात लोकप्रिय आहे. तिची रचना घरच्या टेबलाला जुळविताना काय गाळले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापनाचा प्रश्न :
सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबल गृहीत धरू. एक सेंटिमीटर म्हणजे वीस मीटर असे प्रमाण घेतल्यास केळणा व जुई या नद्यांमधील सुमारे दीड किलोमीटरचा पट्टा सहज मावतो. परंतु पंधरा मिलिमीटरचा सैनिक या प्रमाणात तीस मीटर उंच ठरतो! म्हणून संपूर्ण असई गाव दोन-तीन घरांनी सूचित करावे लागते. ही तडजोड निरुपद्रवी आहे. संख्येची तडजोड मात्र तशी नाही. एका प्रतिमेस पन्नास माणसे धरल्यास वेलस्लीच्या सुमारे सात हजार सैन्यास १४० प्रतिमा लागतात, पोलमनच्या सुमारे अकरा हजार कवायती पायदळास २२० लागतात. शिंदे-भोसल्यांच्या सुमारे तीस हजार घोडदळास मात्र सहाशे. साहजिकच रचनाकार घोडदळ गाळतो. वस्तुतः असई गावाजवळ ७४ व्या पलटणीवर हेच घोडदळ तुटून पडले होते. जागेअभावी केलेली ही काटछाट इतिहासाचे विधान बनते.

अज्ञानाचा प्रश्न :
याहून गंभीर उणीव दुसरी आहे. समोरासमोरच्या तीरांवर दोन गावे दिसताच मध्ये उतार असणारच, असे अनुमान वेलस्लीने केले. गाढवी नदीच्या खोऱ्यात, इटियाडोहच्या परिसरात वावरणाऱ्यास हे अनुमान नवे वाटणार नाही. पण टेबलावर उतार दोघांनाही दिसतो आणि मराठा पक्षाचा खेळाडू तो प्रथमच अडवितो. हे टाळण्यासाठी रचनाकार नदी ओलांडल्यानंतर खेळ सुरू करतात. परिणामी दक्षिणाभिमुख फळी पूर्वेकडे वळविण्याचे पोलमनच्या पलटणींचे शिस्तबद्ध कौशल्य खेळातून नाहीसे होते. मराठा सैन्य केवळ निशाण ठरते. इंग्रजांच्या हाती ९८ तोफा पडल्या, हे खरे. पण त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले, याचा उलगडा मग होत नाही.

यावर उपाय मूळ परंपरेतच आहे. रायस्विट्झच्या खेळात पंच असे. प्रत्येक पक्षास जेवढे दिसले असते तेवढेच तो सांगे. घरी तिसरी व्यक्ती पंच झाल्यास उतार गुप्त ठेवता येतो, फळी वळविण्याचा निर्णय खेळाडूकडे राहतो आणि टेबलाबाहेरील घोडदळ पंचाच्या वहीत नांदू शकते.

निष्कर्ष :
हा प्रश्न छंदापुरता मर्यादित नाही. या लढाईत नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) सहभागी होते. याच युद्धाअखेरीस १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने त्यांचा कटक व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेला. आपला प्रदेश त्यांच्याच राज्यात होता. तेव्हा टेबलावरून गाळले जाणारे सैन्य आपल्या इतिहासाचा भाग आहे. प्रसंगरचना करणारा नकळत इतिहासकाराचे काम करतो. त्याने भूमी अवश्य लहान करावी, परंतु पराभूत पक्षाची निर्णयक्षमता लहान करू नये. इतिहासाच्या वर्गात हा खेळ वापरू पाहणाऱ्या अध्यापकांनी रचना निवडताना हीच कसोटी प्रथम लावावी, असे सुचवावेसे वाटते.