शेरीचे पिंप आणि मोहाचे फूल

दिवाळी अंकात व्हिस्कीचे रसग्रहण पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु चकली खुसखुशीत झाली की वातड, यावर घरोघर खंडनमंडन चालते. तेव्हा चवीची चिकित्सा आपल्याला परकी नाही. मी नांदेडचा. पिणाऱ्यांत माझी गणना कोणी करणार नाही. मडगावात एका स्नेह्याच्या घरी दोन घोट चाखले, त्याचा हा अभिप्राय.

व्हिस्की गोव्यातलीच, पॉल जॉन यांची ‘ओलोरोसो’. सिंगल माल्ट म्हणजे मोड आणलेल्या जवापासून एकाच कारखान्यात गाळलेले मद्य. हे आधी बरबन या अमेरिकन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरते आणि शेवटी शेरी या स्पॅनिश द्राक्षमद्याच्या पिंपांत. शेरीच्या पिंपांची रीत मूळची स्कॉटलंडची, आणि ती काटकसरीतून आली. शेरी पिंपांतून ब्रिटनला येई. रिकामी पिंपे वाया का घालवा, म्हणून त्यांत व्हिस्की भरली. १९८० नंतरच्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटल्यांत भरली जाऊ लागली. आता व्हिस्कीसाठी पिंपे मुद्दाम शेरीने मुरवून घेतात. काटकसरीची हौस झाली! स्कॉटलंडात पिंपातले मद्य वर्षाला सुमारे २ टक्के उडते, गोव्याच्या उष्म्यात सुमारे ८. मुरतेही तितक्याच लगबगीने.

पेला नाकाशी नेताच मनुका, अक्रोड आणि जुना गूळ. जिभेवर प्रथम जवाचा गोडवा, अखेरीस लाकडाचा तुरटपणा. अशा व्हिस्कीची कसोटी एकच: शेरीने साथ करावी, गाणे जवाचे राहावे. येथे ते राहते. शेवटचा गोडवा मात्र अंमळ जास्त रेंगाळतो.

मी डोळे मिटून ‘वा!’ म्हणालो, आणि त्याच क्षणी तो वास ओळखीचा निघाला. लहानपणी वडिलांबरोबर किनवटकडे जाई. चैत्रात गोंड-कोलामांच्या अंगणांत मोहफुले वाळत पडलेली असत. वाळली की मनुकांसारखी दिसत, आणि वासही तसाच, गोड आणि जड. आम्ही शहरातली मुले नाकाला रुमाल लावीत असू. त्याच वासाला मी आता दाद देत होतो.

गावठी दारूने उठलेली घरे मी पाहिली आहेत; तिचे गोडवे मी गाणार नाही. पण पहाटे गळालेली ती फुले वेचणाऱ्या बायांच्या टोपलीचा वास मी ‘घाण’ ठरवला, तो नाकाने नव्हे. नाकाने दोन्हीकडे एकच साक्ष दिली होती. निकाल मी मालकाची ऐपत पाहून दिला. टीकाकाराला याहून मोठा दोष नाही.

व्हिस्की उत्तम आहे. किनवटच्या त्या अंगणांचे मात्र माझ्याकडे एक ‘वा!’ येणे आहे.