आधी विश्वास, मग पश्चात्ताप : पंडिता रमाबाईंच्या साक्षीचे एक वाचन

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मराठीतील रमाबाईविषयक लेखन बहुतेक याच तारखेभोवती फिरत राहिले आहे. टीकाकार तीत परदेशातल्या एकाकी विधवेवर पडलेला मिशनऱ्यांचा प्रभाव पाहतात. चाहते तीत स्त्रीदास्याविरुद्धचे बंड पाहतात. या दोन्ही पक्षांत कितीही वाद असले, तरी रमाबाईंचे धर्मांतर म्हणजे ही तारीख, यावर दोघांचे एकमत आहे.

खुद्द रमाबाईंचे मत तसे नव्हते. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली ‘साक्ष’ लिहिली. तीत त्या स्वच्छ सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. आपल्या अभ्यासकांनी हा भाग उत्तरायुष्यातला भाविकपणा समजून बाजूला ठेवला. माझ्या मते साक्षीचे मर्म नेमके तिथेच आहे. मी हे ख्रिस्ती म्हणून लिहीत नाही. एखाद्या लेखिकेने आपल्या आयुष्याचा जो अर्थ स्वतः लावला, तो आधी नीट वाचावा आणि मग हवे तर नाकारावा, एवढ्याच भूमिकेतून लिहितो आहे.

या आठ वर्षांच्या अंतरात ख्रिस्ती धर्मशास्त्रातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. तारणासाठी विश्वास आणि पश्चात्ताप ही दोन्ही लागतात, हे सर्वच पंथांना मान्य आहे. प्रश्न क्रमाचा आहे. माणूस आधी पापाबद्दल झुरतो आणि मग त्याला देवाची कृपा मिळते, की आधी कृपेवर विसंबतो आणि त्या आधाराने त्याला आपले पाप पाहण्याचे बळ येते?

या प्रश्नाची एक गाठ शब्दांत आहे. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइआ’. त्याचा अर्थ मन पालटणे, विचाराची दिशा बदलणे. त्यामागे असलेल्या हिब्रू क्रियापदाचा अर्थ तर नुसता ‘परत फिरणे’ असा आहे. लॅटिन बायबलमध्ये ही आज्ञा अशा शब्दांत आली की, तिचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असाही होऊ लागला. १५१६ साली इरॅस्मसने ग्रीक पाठ छापला तेव्हा त्याने हे लॅटिन शब्द बदलले. पुढच्याच वर्षी ल्यूथरने पंच्याण्णव प्रमेये मांडली, त्यांतले पहिलेच प्रमेय पश्चात्तापाविषयी आहे : ती आयुष्यभराची वृत्ती आहे, धर्मगुरूपुढे उरकण्याचा विधी नव्हे. कॅल्व्हिनने पुढे क्रमाचाही निकाल दिला. आपण देवाचे आहोत हे कळल्याशिवाय कोणी मनापासून पश्चात्ताप करूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये प्रॉटेस्टंट मांडणी नाकारली, पण माणसाची कोणतीही पूर्वतयारी कृपा कमावू शकत नाही, हे तिनेही मान्य केले. १९९९ साली आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन आणि कॅथलिक चर्चने या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. म्हणजे ज्या वादाने युरोप दुभंगला, तो किमान या मुद्द्यावर बराच निवळला आहे.

मराठी बायबलने या ग्रीक शब्दासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द घेतला. शब्द चांगला आहे, पण त्यात ‘ताप’ आहे, ‘परतणे’ नाही. संतवाङ्मयातल्या ‘अनुतापा’ची ऊबही त्याला आहे. मात्र एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण घरात पाप म्हटले की पहिला शब्द आठवे तो प्रायश्चित्त. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापक्षालनाच्या उपायांत पापाचा उच्चार आणि अनुताप यांचीही गणना आहे, तेव्हा शास्त्रात अंतःकरणाला जागाच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण व्यवहारात काय उरले होते, हे १८९० च्या पंचहौद प्रकरणाने दाखवले. पुण्यातल्या मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसह अनेकांवर बहिष्काराचे संकट आले. चौकशीसाठी शंकराचार्यांनी आयोग नेमला. पुढे १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. चहा पिणे हे पाप होते असे रानड्यांना वाटत होते, हे त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत. प्रायश्चित्त झाले, पश्चात्ताप नव्हता. तो कोणी मागितलाही नव्हता.

रमाबाईंना हे जग आतून माहीत होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांनी तीर्थयात्रा, उपास, पुराणपठण आणि दानधर्म यांत आयुष्य घालवले, होते-नव्हते ते पुण्यासाठी वेचले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. साक्षीतला हा भाग वाचताना मला जाणवते ती तक्रारीपेक्षा थकव्याची भावना. जे जे करायचे ते सारे करून झाले होते. करण्याने मिळणाऱ्या तारणाचा हिशेब या घराने पुरता मांडून पाहिला होता.

त्यात एक भर होती. पुढे कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना रमाबाईंच्या ध्यानात आले की, हे ग्रंथ एकमेकांशी पुष्कळ बाबतींत भांडतात, पण स्त्री जातीनेच दुष्ट आणि पुरुषासारखी मोक्षाला पात्र नाही, यावर त्यांचे एकमत आहे. हा आरोप एखाद्या कृत्याचा नव्हता, जन्माचा होता. केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप करता येतो. बाई म्हणून जन्मल्याचा पश्चात्ताप कसा करायचा?

अशा स्त्रीपुढे एखादा नवा धर्म आला आणि त्याचे पहिले वाक्य ‘तू पापी आहेस, हे आधी कबूल कर’ असे असते, तर तो तिला आणखी एक स्मृतिग्रंथच वाटला असता. प्रत्यक्षात काय घडले ते साक्षीत आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. तिथे या स्त्रियांना मिळणारी माया रमाबाईंनी पाहिली आणि असे का करता, म्हणून विचारले. एका भगिनीने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पतित मानलेल्या स्त्रीशी असे वागणारा धर्म त्यांनी तोवर पाहिला नव्हता.

ती कथा नीट वाचण्यासारखी आहे. भर दुपारी विहिरीवर आलेल्या, परक्या आणि तुच्छ मानलेल्या समाजातल्या स्त्रीकडे येशू पाणी मागतो. पाच नवऱ्यांचा विषय निघतो, पण तिला कोणी माफी मागायला लावत नाही. पश्चात्ताप हा शब्द त्या कथेत नाही. खरे तर योहानाच्या संपूर्ण शुभवर्तमानात तो एकदाही येत नाही. ‘विश्वास ठेवणे’ हे क्रियापद मात्र मूळ ग्रीकमध्ये ९८ वेळा येते. ती बाई घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना बोलावून आणते. तिच्यातला पालट एवढ्यावरून आपल्याला कळतो.

रमाबाईंना ख्रिस्ताकडे ओढणारी कथा हीच असावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांच्या बाबतीत सुरुवात आरोपाने झाली नाही, आदराने झाली. बुद्धीच्या शंका फेडण्याचे काम नीलकंठशास्त्री गोरे यांनी केले. त्यानंतरही त्या सहज नमल्या नाहीत. भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्यापासून चमत्कारांपर्यंत सगळ्यावर वाद घालतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलेली मान दुसऱ्याच्या जोखडात देणार नाही, हा त्या पत्रांचा सूर आहे.

मग आठ वर्षांनंतर काय घडले? विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम दीक्षित पाळक होता, उपदेश करत होता, आणि तरीही आपले स्वतःचे परिवर्तन झालेले नाही हे त्याला उमगले. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःच्याच प्रवचनात ते झाले. रमाबाईंनी त्यात आपले रूप पाहिले. आपण सिद्धान्त स्वीकारले, विधी पार पाडले, पण पापाची सत्ता आपल्यावर अजून आहे, हे त्यांना कळले. आणि आपल्या बळावर इथून पुढे जाता येत नाही, हे उमगल्यावर त्यांनी बिनशर्त शरणागती पत्करली.

इथे एक आक्षेप येईल : म्हणजे शेवटी पापाची जाणीव आधी आणि विश्वास नंतर, असेच झाले ना? मार्काच्या पहिल्या अध्यायातही येशूच्या हाकेत पश्चात्ताप आधी आणि विश्वास नंतर येतो. शब्दांचा क्रम तसा आहे खरा. पण त्या हाकेच्या आधी देवाचे राज्य जवळ आल्याची वार्ता आहे. देणे आधी घोषित होते, वळणे त्यानंतर. जक्कयाच्या कथेत येशू आधी त्याच्या घरी उतरतो, चौपट परत देण्याचे वचन जक्कय नंतर देतो. उधळ्या पुत्राचा बाप मुलाने ठरवून आणलेली कबुली ऐकण्याआधीच धावत सुटतो.

रमाबाईंचेही तसेच आहे. १८८३ मध्ये जिथे आदर मिळाला, तिथे त्या आठ वर्षे उभ्या राहिल्या, भांडल्या, विचारत राहिल्या. त्यानंतर त्यांनी जे पाप कबूल केले, ते शास्त्रांनी त्यांच्यावर लादलेले पाप नव्हते. साक्षीत त्या स्त्री असल्याची माफी कुठेही मागत नाहीत. उलट तो आरोप खोटा ठरवूनच त्या पुढे जातात. लादलेला दोष गळून पडल्यावरच त्यांना आपला म्हणावा असा दोष दिसू शकला. जन्मदोषाच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला स्वतःचे खरे पाप दिसत नाही. त्याला फक्त शरम वाटते. शरम आणि पश्चात्ताप यांत हा फरक आहे, आणि रमाबाईंच्या साक्षीइतका तो स्पष्ट करणारा दुसरा मजकूर मराठी माणसाच्या लेखनात मला आढळलेला नाही.

या क्रमाची खरी परीक्षा मात्र केडगावला झाली. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. नंतर १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात आल्या. १९०५ मध्ये तिथे मोठी धार्मिक जागृती झाली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, आपली पापे उघड बोलून दाखवीत.

इथे मी अडखळतो. दुष्काळातून उचलून आणलेल्या, आईबाप गमावलेल्या मुलीने कोणत्या पापाबद्दल इतके रडावे? ज्या घरात अन्न मिळते, त्या घराच्या श्रद्धेपुढे घातलेला पश्चात्ताप कितपत मोकळा असतो? रमाबाईंना शंका घ्यायला आठ वर्षे मिळाली होती आणि वाद घालायला संस्कृत विद्येचे बळ होते. या मुलींपाशी त्यातले काय होते? रमाबाईंच्या चाहत्यांनी हा प्रश्न टाळू नये.

तरीही त्याची दुसरी बाजू नोंदवली पाहिजे. केडगावातही क्रम पुष्कळसा तोच राहिला. आधी भाकरी, निवारा, अक्षरओळख, हाताला काम. अंध मुलींसाठीही शिक्षण. सामूहिक कबुलीचे ते दिवस पहिल्या मुली आल्यानंतर आठ-नऊ वर्षांनी आले. त्या अश्रूंत परावलंबन किती आणि आयुष्यात पहिल्यांदा आपले दुःख मोठ्याने बोलता आल्याचा मोकळेपणा किती, हे आज वेगळे करता येणार नाही. दोन्ही असणार.

संस्थेसाठी रमाबाईंनी निवडलेले नाव या दृष्टीने बोलके आहे. ‘तारण’ हा मराठी ख्रिस्ती समाजाचा रुळलेला शब्द हाताशी असताना त्यांनी ‘मुक्ती’ हा शब्द घेतला. शास्त्रांनी स्त्रियांना नाकारलेली गोष्ट त्यांनी त्याच शब्दात, विधवा आणि अनाथ मुलींच्या दारावर लिहून ठेवली.

रमाबाईंचा ख्रिस्त मान्य असो वा नसो, त्यांच्या साक्षीतून उरणारा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. आपल्याकडे धर्म, जात, कुटुंब, सगळेच माणसाकडे आधी कबुली मागतात आणि मग जवळ घ्यायचे की नाही ते ठरवतात. पंचहौदच्या चहाने तेच झाले : विधी मिळाला, मन जिथल्या तिथे राहिले. रमाबाईंच्या आयुष्याने उलटा क्रम करून दाखवला. ज्याला आधी जवळ घेतले जाते, त्यालाच आपली चूक चूक म्हणून पाहता येते. १८८३ ची तारीख त्या जवळ घेतले जाण्याची आहे. पश्चात्ताप त्यानंतरचा आहे, आणि त्या दोहोंमधली आठ वर्षे वगळून रमाबाईंचे धर्मांतर वाचता येणार नाही.