श्रोत्याची साक्ष : दोन आत्मचरित्रांतील पाहुणे वक्ते

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याला बाहेरून आलेल्या वक्त्यांपासून नेमके काय मिळते, हा प्रश्न आपल्या चरित्रकारांनी फार सोपा करून टाकला आहे. अमुक विद्यार्थ्याने अमुक थोर पुरुषाचे व्याख्यान ऐकले, एवढा दाखला हाती लागला की त्या विद्यार्थ्याच्या पुढील विचारांचे मूळ तेथेच दाखविण्याचा मोह त्यांना आवरत नाही. वस्तुतः ऐकणे आणि शिकणे यांत बरेच अंतर आहे, आणि त्या अंतराची सर्वांत विश्वसनीय साक्ष स्वतः श्रोताच देऊ शकतो. या दृष्टीने गांधीजींची ‘सत्याचे प्रयोग’ ही आत्मकथा व पंडित नेहरूंचे १९३६ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र यांतील काही मोजके प्रसंग येथे तपासावयाचे आहेत.

नेहरू १९०७ ते १९१० या काळात केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात होते. बिपिनचंद्र पाल, लाला लजपतराय व गोपाळ कृष्ण गोखले हे तिघेही त्या सुमारास तेथील हिंदी विद्यार्थ्यांपुढे बोलून गेले. या पाहुण्यांविषयी आदर होता, तरी आपली संस्कृती त्यांच्यापेक्षा अधिक व्यापक आहे अशी एक वरचढपणाची भावना आम्हां विद्यार्थ्यांत होती, असे नेहरू कबूल करतात. पाल एका विद्यार्थ्याच्या खोलीत बोलले. समोर जेमतेम डझनभर मंडळी. पण त्यांचा आवाज दहा हजारांच्या सभेला शोभेल असा होता, आणि त्या गर्जनेत ते काय म्हणत होते हेच नेहरूंना नीट उमगले नाही. लालाजींचे बोलणे त्यांना अधिक समंजस वाटले. तसे त्यांनी वडिलांना कळविले, आणि बंगालच्या जहालांविषयी अप्रीती असलेल्या मोतीलालजींना त्याने समाधान झाले. विद्यार्थ्याचे मत हे पुष्कळदा घरच्या श्रोत्यासाठीही असते, ही बारीक जाणीव नेहरूंच्या या नोंदीत आहे.

मराठी वाचकाची खरी निराशा होते ती गोखल्यांच्या सभेपाशी. ज्यांच्या भाषणांतील संयम, आकडेवारी व पूर्वतयारी यांचा आपण अभिमान बाळगतो, त्या गोखल्यांच्या जाहीर सभेतून नेहरूंच्या स्मरणात मुख्यतः राहिले काय, तर शेवटी एका सहाध्यायाने विचारलेला एक प्रश्न! तो इतका लांबला की त्याचा आरंभ कोठे झाला होता, हेच बहुतेकांच्या ध्यानातून गेले. गोखले काय बोलले, याविषयी मात्र येथे काहीच हाती लागत नाही.

यावरून नेहरूंना गोखल्यांविषयी आस्था नव्हती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे वर्णन करताना, सार्वजनिक कार्याकडे गंभीरपणे व उच्च हेतूने पाहणारी व्यक्ती म्हणून त्यांनी गोखल्यांचाच उल्लेख केला आहे. म्हणजे केंब्रिजमधील भाषणाने जे साधले नाही, ते पुढे त्याच पुरुषाच्या आचरणाच्या दर्शनाने साधले. शिवाय हे आत्मचरित्र प्रामुख्याने १९३४–३५ मध्ये तुरुंगात लिहिले गेले. पाव शतकाच्या चाळणीतून व्याख्यानाचा आशय गळून गेला आणि प्रसंग तेवढा उरला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

परंतु आशय नेहमीच गळून जातो असेही नाही. एडविन माँटेग्यू, जे पुढे भारतमंत्री झाले, ते ट्रिनिटीचे माजी विद्यार्थी या नात्याने तेथील वादसभेत वारंवार येत. बुद्धीला जे खरे वाटू शकत नाही ते मानणे म्हणजे श्रद्धा, ही व्याख्या आपण प्रथम त्यांच्या तोंडून ऐकली, असे नेहरू सांगतात. याच वादसभेत सत्रभर न बोलणाऱ्यास दंड भरावा लागे, आणि संकोची नेहरूंनी तो अनेकदा भरला. ‘मजलिस’ या हिंदी विद्यार्थ्यांच्या मंडळातही ते क्वचितच बोलले. तेथे विषयाला भिडण्यापेक्षा पार्लमेंटी ढंगाची नक्कल अधिक चाले, आणि तेथील बहुतेक बोलक्या जहालांनी पुढे राजकीय चळवळीत परिणामकारक भाग घेतला नाही, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे.

बर्नार्ड शॉ यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९४८ साली पंतप्रधान नेहरूंनी शॉ यांना पत्र लिहिले, त्यात चाळीस वर्षांपूर्वी केंब्रिजला त्यांचे भाषण ऐकल्याची आठवण आहे. मध्यंतरी भेट नाही, पत्रव्यवहार नाही. परंतु शॉ यांच्या ग्रंथांची सोबत मात्र अखंड होती, असे ते लिहितात. व्याख्यान एकदाच झाले. वाचनाने ते चाळीस वर्षे चालू ठेवले.

गांधीजींच्या आत्मकथेत श्रोत्याची जागाच निराळी आहे. १८८८ ते १८९१ या लंडनमधील विद्यार्थिदशेत त्यांच्यापाशी दादाभाई नौरोजींच्या नावे ओळखपत्र होते. पण एवढ्या थोर माणसास त्रास देण्याचा आपणास अधिकार काय, या संकोचाने ते पुष्कळ दिवस तसेच राहिले. दादाभाईंचे भाषण असले की गांधीजी सभागृहाच्या एका कोपऱ्यात बसत, डोळ्यांचे व कानांचे पारणे फेडून परत जात. अखेर धीर करून त्यांनी ते पत्र दिले. दादाभाईंनी केव्हाही सल्ल्यास येण्याची मोकळीक दिली, तरी गांधीजींनी तिचा लाभ घेतला नाही. पुढे फ्रेडरिक पिंकट या इंग्रज गृहस्थांस ते भेटले. त्यांच्या सल्ल्याचा प्रत्यक्ष उपयोग थोडाच झाला, परंतु त्यांचा स्नेह व हसरा चेहरा मात्र कामी आला, असे त्यांनी प्रांजळपणे नोंदविले आहे.

दोन्ही श्रोते अबोल आहेत. पण एकाच्या अबोलपणात परीक्षकाची नजर आहे, दुसऱ्याच्या अबोलपणात भक्ताचा संकोच. नेहरू वक्त्याला तोलतात, गांधीजी स्वतःला. दृष्टीचा हा भेद असूनही साक्ष एकाच दिशेची आहे. एकाकी व्याख्यानातून आवाज, चेहरा, क्वचित एखादा विनोदी प्रसंग उरतो. ज्ञान म्हणून टिकते ते, ज्यामागे पुनःपुन्हा ऐकणे, वाचन किंवा सहवास येतो ते. म्हणून चरित्रकाराने ‘प्रभाव’ हा शब्द लिहिण्यापूर्वी व्याख्यानाची तारीख शोधून थांबू नये. त्यानंतर श्रोत्याने काय केले, ते शोधावे.

ही गोष्ट आपल्या विभागांनाही लागू आहे. पाहुण्या वक्त्याचे नाव, विषय, अध्यक्ष व आभार एवढे आपल्या अहवालांत नेमाने येते. कोपऱ्यात बसलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून कोणते पुस्तक मागून घेतले, हे मात्र त्यांत कधी आढळत नाही.