पटवण्याला किती गुण?

मे महिन्याच्या सुट्टीत कल्याणला बहिणीकडे गेले होते. भाची आणि तिच्या वर्गातली चार-पाच मुलं जमिनीवर गोल करून एक खेळ खेळत होती. पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. प्रत्येकापुढे एक कागद, मध्ये काही फासे, आणि एक मुलगा गोष्ट सांगत होता. काळ शिवाजी महाराजांचा, स्थळ तिथलाच दुर्गाडी किल्ला. बाकीची मुलं म्हणजे भिवंडीहून आलेले व्यापारी. सूर्य मावळला आहे, दरवाजा बंद झाला आहे, आणि पहारेकऱ्याला पटवून प्रत्येकाने आत शिरायचं आहे.

एका मुलाने झकास भाषण ठोकलं. गोष्ट सांगणारा खूश होऊन म्हणाला, "जा, सोडलं तुला." मग एका अबोल मुलीची पाळी आली. कागदाकडे बघतच ती म्हणाली, "माझं पात्र बोलण्यात पटाईत आहे. मी त्याला पटवते." तिने वीस बाजूंचा फासा टाकला. सतरा पडले. लगेच गलका झाला, "अगं, पण तू काही बोललीसच नाहीस!" ती म्हणाली, "मघाशी याने शिळा उचलली, तेव्हा खरी कुठे उचलली होती?"

कुणालाच उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. म्हणून या खेळांच्या नियमांची पुस्तकं मिळवून वाचली.

या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला आणि १९७४ साली बाजारात आणला. एक खेळाडू सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राला सहा गुण असतात : बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि सहावा, ज्याला आपण 'छाप' म्हणू. प्रत्येक गुण तीन फाशांच्या बेरजेने ठरे, म्हणजे ३ ते १८. मूळ पुस्तकात छापेचा एक मुख्य उपयोग म्हणजे पात्राला किती साथीदार बाळगता येतील ते ठरवणं. छाप १८ असेल तर बारा, तीन असेल तर एकच. युद्धाच्या खेळांतून हा खेळ निघाला, त्यामुळे माणसांचीही मोजणी शिबंदीसारखीच.

टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या आवृत्तीतला नियम मला सर्वात आवडला. अनोळखी प्राणी भेटला की सूत्रधार साधे दोन फासे टाकतो. बेरीज २ आली तर तो लगेच हल्ला करतो, ३ ते ५ म्हणजे वैरभाव, ६ ते ८ म्हणजे गोंधळ, ९ ते ११ म्हणजे तो निघून जातो किंवा तुमचं म्हणणं ऐकतो, १२ म्हणजे दोस्ती. लुडोचे दोन फासे घेऊन वर्गात हे करून पाहा. एकूण ३६ शक्यतांपैकी १६ मधल्या गटात येतात, टोकाला एकेकच. अनोळखी माणूस बहुधा ना शत्रू असतो ना मित्र, हे त्या तक्त्यात आपोआप उतरलं आहे. छापेमुळे बेरजेत फार तर दोनचा फरक पडतो. पण दोन ही किरकोळ भर नव्हे. नऊ किंवा अधिक पडण्याची शक्यता ३६ पैकी १० आहे. दोन मिळवल्यावर ती २१ होते.

पुढे नियम वाढले आणि माझ्या मते बिघडले. २००३ च्या आवृत्तीत वाटाघाटीचं स्वतंत्र कौशल्य आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कौशल्याचे अंक मिळवायचे. बेरीज ३५ झाली की वैरी मित्र होतो आणि ५० झाली की मदतीला धावतो. त्याला एक मिनिट पुरतं. काय मागितलं, कोणाकडे मागितलं, याचा या आकड्यांशी संबंध नाही. पाणी मागा किंवा किल्ल्याच्या किल्ल्या, तक्ता तोच. अनुभवी पात्राचे अंक इतके वाढतात की फासा नावालाच उरतो.

चूक कुठे आहे? आपण विद्यार्थ्यांना विचारतो, या लाकडी ठोकळ्याचं वस्तुमान किती? प्रश्न बरोबर आहे. पण 'या ठोकळ्याचा घर्षणांक किती?' हा प्रश्न अपुरा आहे. काचेवर की खरकागदावर? घर्षणांक एका वस्तूचा नसतो, दोन पृष्ठभागांच्या जोडीचा असतो. बळ वस्तुमानासारखं आहे, ते पात्राच्या कागदावर लिहिता येतं. पटवण्याची ताकद घर्षणांकासारखी आहे, आणि २००३ च्या नियमांनी तिला वस्तुमान समजून कागदावर लिहिलं.

पटत नसेल तर सकाळची डोंबिवलीची लोकल आठवा. मी गेली सतरा वर्षं या गाडीने जाते. तिघींच्या बाकावर चौथी सीट मागणं हे आमच्याकडचं रोजचं सामाजिक कौशल्य. तीच बाई, तोच गोड आवाज; दुपारी दोनला जागा चटकन मिळते, सकाळी साडेआठला नजरसुद्धा मिळत नाही. सरकायला सांगितलं तर सरकतील, खिडकी मागितली तर कोणी देणार नाही. रोजच्या ग्रुपमधलीला तर तोंडही उघडावं लागत नाही. आणि मुरलेली प्रवासी भाषण करतच नाही. ती एवढंच विचारते, "कुठे उतरणार?"

२०१४ च्या आवृत्तीने हे बऱ्याच अंशी ओळखलं. समोरचा मित्र, तटस्थ की वैरी ते आधी ठरतं. मग त्याच वीस अंकांवर मित्र मोठा धोका पत्करतो, तटस्थ छोटा, आणि वैरी मात्र स्वतःला काही झळ लागणार नसेल तेवढंच करतो. बोलता बोलता त्याचा स्वभाव ओळखला तर त्याची वृत्ती एखादी पायरी बदलते. म्हणजे खेळाडूने बोलायचं ते पल्लेदार नव्हे, नेमकं.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. जमणारं काम सांगणं खेळाडूचं, ते पार पाडणं पात्राचं. शिळा उचलणाऱ्यालाही कोणती शिळा आणि कुठून, हे सांगावं लागतंच. तसं तिने काय मागते आणि पहारेकरी ते का देईल, एवढं सांगावं. 'ती त्याला म्हणते की...' अशा शब्दांत चालेल. आवाज, हातवारे, वक्तृत्व हे पात्राकडून, फाशातून. नाहीतर वक्तृत्वस्पर्धेत जिंकणारी मुलंच इथेही जिंकणार आणि अबोल मुलाने बोलकं होऊन पाहण्याची एक सोयीची जागा जाणार.

(२०१० पासून आपल्या शाळांत आलेल्या सर्वंकष मूल्यमापनात 'इतरांशी चांगला संवाद साधतो' अशी नोंद आपण करतो. इतर म्हणजे कोण, बाई की बाकावरचा शेजारी, हे तीत नसतं.)

दुसऱ्या दिवशी मुलांनी या पद्धतीने खेळून पाहिलं. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "पहारेकऱ्याची पाळी कधी संपते?" सूत्रधाराने याचा विचारच केला नव्हता. तो म्हणाला, "मध्यरात्री." "मग त्याला भूक लागली असेल. माझ्याकडे भाकरी आहे. मला आत नको, देवडीत झोपू द्या, एवढंच मागते." पंधराचं आव्हान दहावर आलं. तिच्या पात्राचे पाच अंक धरता यशाची शक्यता ऐंशी टक्के झाली. फाशावर चार पडले आणि ती रात्रभर दरवाज्याबाहेर राहिली. हसली मात्र सगळ्यांत जास्त तीच.

एक अडचण उरतेच. आव्हान पंधराचं की दहाचं हे सूत्रधार ठरवतो, आणि तोही भाषणाला भुलणारा माणूसच. मी सुचवलं की मागणी ऐकल्यावर, पण अभिनय सुरू होण्याआधी, त्याने आकडा चिठ्ठीवर लिहून पालथा ठेवावा. त्यांनी दोन डाव तसं केलं, मग सोडून दिलं. चिठ्ठी लिहिण्यात फार वेळ जातो म्हणाले.