पुत्रजन्माचे वर्तमान : मराठेकालीन कौटुंबिक पत्रांचे एक वाचन

प्रास्ताविक :
वि. का. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनकार्यामुळे अठराव्या शतकातील हजारो मोडी पत्रे अभ्यासकांना उपलब्ध झाली. तथापि त्यांचे वाचन प्रामुख्याने राजकीय इतिहासाचे साधन म्हणूनच झाले. कौटुंबिक पत्रे साचेबंद, म्हणून वाङ्मयदृष्ट्या गौण, असा समज रूढ राहिला. जन्मवार्तेच्या पत्रांच्या आधारे या समजाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साच्याचे प्रयोजन :
‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘गंगाभागीरथी’ हे मायने केवळ शिष्टाचार नव्हेत. लिहिणारा व वाचणारा यांचे नाते, वय आणि वैवाहिक स्थिती पहिल्या ओळीतच निश्चित होते. पुढे ‘पुत्ररत्न जाले’ एवढेच वर्तमान आणि तिथी, वार, नक्षत्र येते. हा तपशील आजच्या वाचकास कोरडा वाटेल. परंतु त्यावर जातक मांडले जाई आणि भाऊबंदांचे सोयरही ठरे. वार्ता दहा दिवसांच्या आत पोचली तर उरलेले दिवस सोयर पाळावयाचे, त्यानंतर पोचली तर ते उरत नाही, असा शास्त्रसंकेत होता. म्हणजे जासूद केव्हा पोचला यावर दूरच्या घरातील देवपूजा अवलंबून असे. असे पत्र आनंद वर्णन करीत नाही. ते नात्यातील कर्तव्ये जागी करते. साखर वाटण्याची कृतीच तेथे भावनेची भाषा ठरते.

पुरंदरचा प्रसंग :
या साच्याची खरी कसोटी १७७४ मध्ये लागली. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला व चाळीस दिवसांच्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. येथे जन्मवार्ता हाच रघुनाथरावांच्या दाव्यास दिलेला जबाब होता. म्हणूनच तिच्या सत्यतेविषयी शंका पसरविल्या गेल्या. ग्रँट डफच्या १८२६ मधील इतिहासातही त्यांचे पडसाद आढळतात.

साच्यातील मौन :
‘अमुक यांस पुत्ररत्न जाले’ या रचनेत अपत्य लाभते ते बहुधा पित्यास. प्रसूत झालेली स्त्री वाक्याबाहेर राहते. पुरंदरी मात्र पिता हयात नव्हता. राज्याचा वारसा एका विधवा मातेच्या प्रसूतीवर अवलंबून असतानाही, तिच्या वेदनेस व भयास सामावून घेणारे स्थान या पत्रप्रकारात नव्हते. साच्याची मर्यादा येथे उघड होते. याउलट, गोपिकाबाईंनी नातू सवाई माधवरावांस लिहून पाठविलेल्या उपदेशात दैनंदिन आचाराचा बारकाईने विचार आहे. स्त्रीच्या बोलण्यास उपदेशाच्या रूपात वाव होता. स्वतःच्या देहानुभवाविषयी तो नव्हता, असे यावरून म्हणता येईल.

समारोप :
या पत्रांना भावनाशून्य म्हणणे म्हणजे आत्मनिवेदनपर आधुनिक पत्राचा निकष त्यांच्यावर लादणे होय. मात्र साच्याचे सामर्थ्य मान्य करताना त्याने कोणास अनुच्चारित ठेवले, हेही नोंदविले पाहिजे. पत्रात काय लिहिले आहे याबरोबरच काय लिहिण्याची सोयच नव्हती, हा प्रश्न वर्गातील अध्यापनात विचारला गेला, तर ‘साधन’ मानलेली ही पत्रे मराठी गद्याच्या इतिहासात आपले स्थान मिळवू शकतील.